खेळाडूचा हिवाळा कुणाचा?

मंडळी, या शनिवारी एका ढेरीचा इतिहास. ढेरी साधीसुधी नव्हे. १९२५च्या एप्रिलमध्ये तिच्यात दुखायला लागलं, तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांनी तिच्या मालकाला परस्पर मारून टाकलं होतं. मालकाचं नाव जॉर्ज हर्मन रूथ, उर्फ बेब रूथ. मुक्काम न्यूयॉर्क, व्यवसाय बेसबॉल.

बेसबॉल कळत नसला तरी काही बिघडत नाही, मलाही अमेरिकेत कामासाठी जाईपर्यंत कळत नव्हता. होम रन म्हणजे आपला षटकार समजा, फक्त जास्त दुर्मीळ. आणि फलंदाजाची सरासरी तीन दशांश स्थळांत सांगतात: .३०० म्हणजे दहा प्रयत्नांत तीन वेळा बॅटचा फटका कामी आला. तेवढं जमलं की माणूस भारीच. झालं, एवढ्या भांडवलावर पुढचं सगळं वाचता येईल.

आता मुद्द्याकडे. अमेरिकेतला बेसबॉलचा हंगाम एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबर-अखेरपर्यंत असायचा. त्या काळी १५४ सामने. म्हणजे जवळपास रोज. ऑक्टोबरात वर्ल्ड सीरीज, आणि मग थंडी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदानावर बर्फ. या चार महिन्यांना म्हणतात ऑफ-सीझन. रोज तीन तास उन्हात पळणारा पंचविशीतला तगडा गडी अचानक घरी बसतो. भूक मात्र हंगामातलीच असते. पुढे काय होतं ते लग्नानंतर क्रिकेट सोडलेल्या आपल्या कुठल्याही मित्राकडे बघून कळेल.

ही चरबी उतरवायची कधी आणि कशी, याचं बेसबॉलनं काढलेलं पहिलं उत्तर फार मजेशीर आहे. १८८६ साली शिकागोच्या व्हाइट स्टॉकिंग्ज संघाचा अध्यक्ष अल स्पॉल्डिंग आणि कर्णधार कॅप ॲन्सन यांनी अख्खा संघ हंगामाआधी आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी नेला. हे म्हणजे त्यांचं वज्रेश्वरी. डोंगराच्या पोटातून गरम पाण्याचे झरे येतात, पाणी साधारण ६२ अंश सेल्सिअस. स्पॉल्डिंगची कल्पना अशी की हिवाळाभर पोरांच्या अंगात मुरलेले दारूचे जंतू इथे उकळून काढायचे. ‘उकळून काढणं’ हाच शब्द पुढे रूढ झाला. सकाळी डोंगर चढायचा, मग गरम पाण्यात बसायचं, मग वाफारा, मग मालिश. अंगात लोकरी स्वेटरवर स्वेटर. घाम गेला की चरबी गेली, असं सोपं शास्त्र.

आणि गंमत म्हणजे त्या वर्षी शिकागोनं लीग जिंकली! झालं. एखादा प्रयोग चुकीच्या कारणासाठी केला आणि योगायोगानं यशस्वी झाला, की तो पन्नास वर्षं टिकतो. (आमच्या धंद्यात याची उदाहरणं रोज सापडतात. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर चालला, म्हणून रीस्टार्ट हाच उपाय.) पुढे पिट्सबर्ग, बोस्टन वगैरे संघ तिथे वर्षानुवर्षं जात राहिले. गाव टेकड्यांनी आणि स्नानगृहांनी भरलेलं होतं, तसंच घोड्यांच्या शर्यती आणि जुगाराच्या अड्ड्यांनीही. दिवसा उकळायचं आणि रात्री पुन्हा भरायचं.

वाफाऱ्यानं वजन उतरतं यात खोटं काही नाही. काट्यावर उभं राहिलं की दोन-तीन किलो कमी दिसतात. पण ते पाणी असतं. एक लिटर म्हणजे एक किलो. संध्याकाळी तीन मग बिअर पोटात गेली की हिशेब पूर्ववत. चरबीचं गणित वेगळंच आहे: एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. त्या खाण्यातून कमी कराव्या लागतात, नाहीतर हालचालीतून खर्च कराव्या लागतात. घामाच्या थेंबातून त्या बाहेर पडत नाहीत. हे कुणी १८८६मध्ये सांगितलं असतं तरी ऐकलं असतं असं वाटत नाही, कारण वाफारा घेताना माणसाला आपण कष्ट करतोय असं वाटतं. काटा ते लगेच कबूलही करतो.

तर आता बेब रूथ. बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतला पोरगा, सात वर्षांचा असताना आईबापांनी सुधारगृहवजा शाळेत घातलेला. तिथेच खेळ शिकला. बोस्टननं त्याला न्यूयॉर्क यांकीजला विकलं, आणि १९२०मध्ये त्यानं ५४ होम रन मारले, १९२१मध्ये ५९. आजवर कुणी एवढे मारले नव्हते. त्याच्या आधीच्या काळात पंचवीस मारले तरी डोक्यावरून पाणी. पैसा पावसासारखा पडला. १९२२पासून वर्षाला ५२,००० डॉलर. आणि लहानपणी पोटभर न मिळालेला माणूस जसा खाईल तसा तो खायला लागला.

त्याचा क्रम ठरलेला. हिवाळाभर खायचं-प्यायचं, फेब्रुवारीत हॉट स्प्रिंग्जला जाऊन उकळून घ्यायचं, मार्चमध्ये सरावाला हजर. तरुणपणी हे जमून गेलं. १९२५च्या फेब्रुवारीत तो तिथे पोचला तेव्हा वजन अडीचशे पौंडांच्या आसपास, म्हणजे ११३ किलोच्या घरात. वय तीस. गरम झरे, डोंगर, गोल्फ, रात्रीची जागरणं... आणि त्यात ताप. तशाच अवस्थेत तो फ्लोरिडाला सरावाला गेला. मग संघ गावोगावी सामने खेळत उत्तरेकडे निघाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल स्टेशनवर हा धिप्पाड माणूस कोसळला. तिथून न्यूयॉर्कला आणताना गाडीच्या स्वच्छतागृहात पुन्हा पडला, डोकं आपटलं. लंडनला बातमी पोचली ती थेट मृत्यूचीच.

गाडीत बसण्याआधी त्यानं डझनभर हॉट डॉग आणि वर सोड्याच्या बाटल्या रिचवल्या, अशी दंतकथा लगेच तयार झाली. मॅकगीहन नावाच्या पत्रकारानं त्याला ‘जगभर ऐकू गेलेली पोटदुखी’ ठरवून टाकलं. डॉक्टरांनी १७ एप्रिलला शस्त्रक्रिया केली, कारण म्हणून आतड्यातलं गळू सांगितलं. इतर कुजबुजीही पुष्कळ होत्या, त्यांच्यात मी पडत नाही. हॉट डॉगनं कुणाच्या आतड्यात गळू होत नाही एवढं मात्र खरं. पण लोकांना ती कथा आवडली, कारण तिच्यात शिक्षा होती. खादाडाला खाण्यानंच पाडलं.

१ जूनला तो परत आला. (त्याच दिवशी लू गेरिग नावाचा एक पोरगा बदली फलंदाज म्हणून उतरला आणि पुढचे सलग २,१३० सामने एकही न चुकवता खेळला. एकाच संघात असे दोन नमुने!) रूथची त्या वर्षीची सरासरी .२९०, होम रन फक्त २५. ऑगस्टमध्ये व्यवस्थापक मिलर हगिन्सनं त्याला बेशिस्तीसाठी ५,००० डॉलर दंड ठोकला आणि निलंबित केलं. गेरिगला दोन वर्षांनी, १९२७मध्ये, अख्ख्या वर्षाचा पगार ८,००० डॉलर होता, यावरून त्या दंडाचं वजन समजा. यांकीज आठ संघांत सातवे आले. वर्तमानपत्रांनी लिहून टाकलं की रूथ संपला. त्यानं स्वतःही ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकात कबुली छापली की पाच लाखांहून जास्त डॉलर उधळून बसलोय.

आणि मग तो हिवाळा आला. डिसेंबर १९२५. रूथ मॅनहॅटनमधल्या आर्टी मॅकगव्हर्नच्या व्यायामशाळेत दाखल झाला.

मॅकगव्हर्न हा पूर्वीचा मुष्टियोद्धा, फ्लायवेट म्हणजे अगदी चिमुकल्या वजनगटातला. रूथच्या खांद्यापर्यंतही धड न पोचणारा. त्याच्याकडे बडी मंडळी यायची: बँडवाला जॉन फिलिप सूसा, गोल्फपटू जीन सॅराझेन, वॉल स्ट्रीटवरचे पोटाळू साहेब. वाफारा आणि मालिश त्याच्याकडेही होतंच, पण ते शेवटी, गोड घास म्हणून. आधी जमिनीवर पडून पोटाचे व्यायाम, मग जड मेडिसिन बॉलची फेकाफेक, मग हँडबॉल, मग मुष्टियुद्धाची झटापट, दोरीवरच्या उड्या. आणि खाण्यावर लगाम. सकाळी अंडं आणि टोस्ट असलं माफक काहीतरी, मधल्या वेळचं चरणं बंद. रोज. बर्फ पडत असला तरी रोज.

सर्वत्र सापडणारा आकडा असा की त्यानं चाळीसेक पौंड, म्हणजे १८ किलो उतरवले. सहा आठवड्यांत, असंही कुठे कुठे वाचायला मिळतं. इथे माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. १८ किलो गुणिले ७,७०० म्हणजे साधारण १,३९,००० कॅलरी. त्या ४२ दिवसांत घालवायच्या तर रोज ३,३०० कॅलरींची तूट पाहिजे. म्हणजे अंडं-टोस्टवर राहून वर दिवसभर गोणी उचलायच्या. जमणं कठीण. पण डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दहा आठवडे धरले तर तूट येते रोज २,००० कॅलरींची. तीन मण वजनाचा, आधी कसलाच हिशेब न ठेवता खाणारा माणूस, त्यातलं थोडं सुरुवातीला पाणी... आता पटतं. तेव्हा मी दहा आठवड्यांच्या बाजूचा आहे, पत्रकारांनी काही का म्हणेना.

पण खरा पुरावा काट्यावर नाही, पुढच्या वर्षांत आहे. १९२६: सरासरी .३७२, होम रन ४७, यांकीज सातव्यावरून पहिले. १९२७: ६० होम रन, जो विक्रम ३४ वर्षं टिकला. पुढे ५४, ४६, ४९, ४६. रूथ दर हिवाळ्याला मॅकगव्हर्नकडे जात राहिला, आणि १९२९मध्ये क्लेअरशी लग्न झाल्यावर घरचं स्वयंपाकघरही ताब्यात आलं. कारकिर्दीतल्या ७१४ होम रनपैकी १९२५पर्यंतचे ३०९, आणि त्या हिवाळ्यानंतरचे ४०५. वर्तमानपत्रांनी संपवलेल्या माणसानं निम्म्याहून जास्त काम संपल्यानंतर केलं.

इथे गोष्ट संपवता आली असती. माणूस बिघडला, शहाणा झाला, रोज व्यायाम केला, जिंकला. अशी ती बहुतेक ठिकाणी संपवलेलीही असते. पण मला वाचताना वेगळाच प्रश्न पडत गेला. बाकीचे मॅकगव्हर्नकडे का नाही गेले?

उत्तर पगाराच्या कागदात आहे. क्लब खेळाडूला पगार द्यायचा तो हंगामापुरता. ऑक्टोबरात शेवटचा चेक, मग एप्रिलच्या मध्यापर्यंत शून्य. मार्चमधला सरावसुद्धा बिनपगारी. क्लब जेवण, प्रवास आणि हॉटेल बघायचा, बस्स. त्याच वेळी करारात असं बंधन की खेळाडूनं स्वतःला उत्तम शारीरिक स्थितीत ठेवावं. म्हणजे बघा, यंत्र मालकाचं, ते गंजू न देण्याची जबाबदारी मजुराची, आणि तेल-पाण्याचा खर्चही मजुराचाच. आमच्या आयटीत प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला ‘बेंच’वर बसवतात, पण पगार चालू असतो आणि वर म्हणतात, नवीन काहीतरी शीक. बेसबॉलचा बेंच बिनपगारी होता, आणि तोही दर वर्षी साडेपाच-सहा महिने.

बरं, मग हिवाळ्यात खेळून चार पैसे मिळवावेत म्हटलं, तर त्यावरही पहारा. तेव्हाची पद्धत अशी, की ऑक्टोबरनंतर खेळाडू चमू करून छोट्या छोट्या गावांत प्रदर्शनी सामने खेळत फिरायचे. आपल्याकडे तमाशाचे फड निघतात तसे. वर्ल्ड सीरीज खेळलेल्या संघांतल्यांना मात्र त्याची बंदी होती. १९२१च्या ऑक्टोबरात रूथनं ती झुगारून दौरा काढला. आयुक्त होते न्यायाधीश लँडिस, जुना कडक माणूस. त्यांनी १९२२च्या हंगामात २० मेपर्यंत त्याला बाहेर बसवलं. पगार न देता हिवाळ्यावर हक्क सांगण्याचा हा प्रकार मला तरी फार विलक्षण वाटतो. गंमत अशी, की गावोगावी खेळत फिरणं हाच त्या काळातला सगळ्यात चांगला ऑफ-सीझन व्यायाम होता!

सरावाच्या दिवसांचा पहिला भत्ता मिळाला तो रूथ निवृत्त होऊन दहाएक वर्षं उलटल्यावर. १९४६मध्ये रॉबर्ट मर्फी नावाच्या बोस्टनच्या एका वकिलानं खेळाडूंची संघटना बांधायचा घाट घातला. संघटना फसली, पण मालक घाबरले आणि त्यांनी ५,००० डॉलरचा किमान पगार व सरावाच्या काळात आठवड्याला २५ डॉलर कबूल केले. खेळाडू त्या पंचविशीला कितीतरी वर्षं ‘मर्फी मनी’च म्हणत. संघटना उभी राहिली नाही, पण माणसाचं नाव भत्त्याला चिकटलं. वाईट स्मारक नव्हे.

तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, हिवाळा म्हणजे दुसरी नोकरी. जॅकी रॉबिन्सन १९४९चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या दुकानात टीव्ही विकत होता. योगी बेरा आणि फिल रिझुटो हे यांकीजचे दोन हिरे न्यूअर्कच्या कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला कोट चढवून दाखवायचे. पिट्सबर्गचा रिची हेबनर तर १९७०च्या दशकातही हिवाळ्यात कबरी खोदायचा, वडिलांच्या हाताखाली. आता शरीराच्या दृष्टीनं विचार केला तर या सगळ्यांत हेबनर नशीबवान. गोठलेल्या जमिनीत सहा फूट खड्डा म्हणजे कंबर, खांदे, मनगटं, सगळ्यांचा व्यायाम आणि वर मजुरी. काउंटरमागे उभा राहणारा मात्र मार्चमध्ये ढेरी घेऊनच यायचा. म्हणून तर मार्चमधला सराव सहा-सहा आठवड्यांचा असायचा. त्यातला निम्मा खेळाचा आणि निम्मा चरबी झडवण्याचा.

हे वाचताना मला आपली मंडळी आठवत होती. अजित वाडेकर भारताचे कर्णधार आणि स्टेट बँकेचे अधिकारीही. बँका, रेल्वे, टाटा यांच्या नोकऱ्यांवर आपलं क्रिकेट उभं होतं. बोर्डाचे वार्षिक करार आले ते २००४मध्ये. पण आपल्या नोकरीत आणि त्यांच्या नोकरीत एक फरक होता. आपल्याकडे बँक पगार द्यायची तो खेळण्यासाठीसुद्धा, टाइम्स शील्डसाठी संघ पाहिजे म्हणून. रॉबिन्सनला टीव्हीच विकावे लागत. आणि मुंबईनं तर ऑफ-सीझनवर स्वतःचा उपाय काढला होता: कांगा लीग. १९४८पासून, भर पावसात. वाढलेलं गवत, चिखल, ओली खेळपट्टी, तिच्यावर उसळणारा-थबकणारा चेंडू. कुणाला पैसे मिळत नव्हते, पण जून-जुलैत घरी बसून तळलेली भजी खाण्यापेक्षा रविवारी आझाद मैदानावर चिखलात पळणं बरं. हॉट स्प्रिंग्जपेक्षा तर शंभर पटीनं बरं.

अमेरिकेतही एक वर्ग असा होता ज्याला ऑफ-सीझन हा शब्दच परवडत नव्हता. १९४७पर्यंत काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगची दारं बंद होती. त्यांच्या स्वतःच्या लीगमध्ये पैसा कमी, म्हणून हिवाळा आला की क्यूबा, पोर्टो रिको, कॅलिफोर्निया. उन्हाळ्यात इकडे, थंडीत तिकडे. सॅचल पेज १९३९-४०च्या हिवाळ्यात पोर्टो रिकोतल्या ग्वायामा संघासाठी १९ सामने जिंकून बसला. त्याला मोठ्या लीगमध्ये घेतलं १९४८मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, आणि तो तिथेही चालला. या माणसांना चरबी चढायची सवडच मिळाली नाही. हे कुणी ‘बारमाही तंदुरुस्तीचं रहस्य’ म्हणून सांगू नये. दर वर्षी बारा महिने चेंडू फेकण्यात किती जणांचे खांदे संपले असतील याची नोंद ठेवणाराही कुणी नव्हता. ऑफ-सीझन ही विश्रांतीसुद्धा असते, आणि विश्रांतीला पैसे पडतात.

मॅकगव्हर्नचा धडा मोठ्या लीगनं गिरवायला मग इतकी वर्षं का लावली? एक कारण पैसा, दुसरं एक अंधश्रद्धा. वजनं उचलली की स्नायू आखडतात आणि बॅट फिरत नाही, हे प्रत्येक प्रशिक्षकाला तोंडपाठ होतं. कार्ल यास्त्रेम्स्की हा बोस्टनचा डावखुरा फलंदाज. मेरिमॅक कॉलेजातली राहिलेली पदवी १९६६मध्ये पूर्ण झाली आणि त्याचा हिवाळा मोकळा झाला. बोस्टनच्या उत्तरेकडच्या उपनगरात एका हॉटेलच्या व्यायामशाळेत जीन बर्डी नावाचा हंगेरियन प्रशिक्षक होता. त्यानं या नामवंत खेळाडूला पहिल्याच दिवशी इतकं पळवलं की याला धाप लागली. मग हिवाळाभर धावणं, दोरी, वजनं ओढणं. १९६६ला १६ होम रन मारणाऱ्या यास्त्रेम्स्कीनं १९६७मध्ये ४४ मारले, सरासरी .३२६. होम रन, सरासरी आणि धावा काढून देणं या तिन्हींत लीगमध्ये अव्वल. हा तिहेरी मुकुट त्यानंतर ४५ वर्षं, २०१२पर्यंत कुणाला मिळाला नाही. आदल्या वर्षी दहांत नववा आलेला बोस्टन रेड सॉक्स वर्ल्ड सीरीजला पोचला. मी बोस्टनला असताना आमच्या क्लायंटकडचे म्हातारे सहकारी १९६७ म्हटलं की अजून खुर्चीत सरसावून बसायचे.

तरीही अंधश्रद्धा हटली नाही. नोलन रायनला १९७२मध्ये ॲनाहाइमच्या स्टेडियममध्ये वजनं उचलायच्या यंत्रांची एक खोली सापडली. बेसबॉलवाल्यांसाठी ती नव्हतीच. हा कुणाला कळू न देता तिथे जायचा. चोरून व्यायाम! रायन वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत खेळला आणि ५,७१४ फलंदाजांना स्ट्राइक-आउट करून गेला. एवढा आकडा दुसऱ्या कुणाचाच नाही.

मग डिसेंबर १९७५मध्ये पीटर साइट्स नावाच्या लवादानं निकाल दिला की करार संपला की खेळाडू मोकळा. क्लबची जन्माची मालकी गेली. पगार चढत गेले, १९९२मध्ये सरासरी पगार दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. आता कुणाला कोट विकायची गरज राहिली नाही. घरात व्यायामशाळा, पगारी प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ. हिवाळा ढिला सोडायचा काळ उरला नाही. माणसं फेब्रुवारीत येताना नोव्हेंबरपेक्षा तगडी येऊ लागली. काही जरा जास्तच तगडी. स्टेरॉइड्सचा तो सगळा काळा अध्याय मुख्यतः हिवाळ्यातच लिहिला गेला, क्लबच्या नजरेआड. म्हणून २००५च्या नव्या नियमांत ऑफ-सीझनमध्येही अचानक चाचणी घ्यायची सोय आली. चाचणीवाला डिसेंबरात दारावर थाप मारू शकतो. म्हणजे पगार घरी आला तसा पहाराही घरी आला.

या सगळ्याचा मला सापडलेला सगळ्यात बोलका नमुना ॲरन बून. ऑक्टोबर २००३, यांकीज विरुद्ध बोस्टन, सातवा निर्णायक सामना, अकरावी इनिंग. बूननं पहिल्याच चेंडूवर होम रन मारून सामना संपवला. न्यूयॉर्कचा देव झाला एका रात्रीत. पुढच्या वर्षाचा त्याचा करार ५७.५ लाख डॉलरचा. जानेवारी २००४मध्ये तो ऑफ-सीझनचं अंग मोकळं ठेवायला मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळत होता, आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला. बेसबॉलच्या ठरावीक करारात एक कलम आहे: बास्केटबॉल, स्कीइंग, कुस्ती, मोटारशर्यत वगैरे खेळायचं नाही. व्यायाम करताना गुडघा गेला असता तर पगार शाबूत राहिला असता. पायऱ्यांवरून घसरलो, ट्रेडमिलवर पाय मुरगळला, काहीही सांगता आलं असतं. बूननं खरं ते सांगितलं. यांकीजनं त्याच्या जागी ॲलेक्स रॉड्रिगेझला आणलं आणि फेब्रुवारीत बूनला सोडून दिलं. ५७.५ लाखांपैकी त्याच्या हातात नऊ लाखांच्या आसपास पडले.

अख्खं २००४ त्याचं गुडघ्यात गेलं. जून महिन्यात क्लीव्हलँडनं त्याच्याशी करार केला, तो अजून धड पळूही शकत नसताना. आणि डिसेंबर २०१७मध्ये यांकीजनंच त्याला व्यवस्थापक म्हणून परत बोलावलं. हगिन्स ज्या जागेवरून रूथला दंड ठोकायचा, त्याच जागेवर.